मधुमेह नसताना मधुमेहाची गोळी: दुबळ्या हृदयाच्या औषधांमागचा विचार

डिचोलीहून एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या ६४ वर्षांच्या आईंना गेल्या वर्षी हृदयविकाराचा झटका येऊन गेला. पुढे काही महिन्यांनी पायांवर सूज येऊ लागली, घाटी चढताना धाप लागू लागली आणि ईकोमध्ये ‘पंपिंग ३० टक्के’, म्हणजे प्रत्येक ठोक्याला हृदयातले तीस टक्केच रक्त बाहेर पडते, असे निदान आले. आता त्यांना पाच गोळ्या चालू आहेत. त्यांतली एक मधुमेहाची असल्याचे फार्मसीत कळले, पण आईंना मधुमेह नाही. दोन गोळ्या रक्तदाबाच्या आहेत, पण त्यांचा वरचा रक्तदाब मुळातच शंभराच्या आसपास असतो. चौथी गोळी नाडी मंद करते, आणि ती सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे त्यांना पूर्वीपेक्षाही जास्त थकवा आला. पाचवी लघवीची. ‘हृदय दुबळे झाले असेल तर त्याला बळ देणारे औषध का देत नाहीत? ही भलत्याच आजारांची औषधे कशासाठी? यांतली कोणती बंद करता येतील?’ असे ते विचारतात.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: आईंच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय यांतली एकही गोळी बंद करू नये. मी आईंना तपासलेले नाही. मात्रा किती असावी, कोणती गोळी आधी वाढवावी, कोणती थांबवावी, हे त्यांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी), रक्तातील पोटॅशियम, उभे राहिल्यावरचा रक्तदाब आणि नाडी यांवर ठरते, आणि ते आकडे माझ्यापुढे नाहीत. परंतु ही औषधे त्यांना का दिली असावीत, यामागचा विचार मात्र मला सांगता येईल. कारण फोंड्यात इतकी वर्षे व्यवसाय करताना मी हाच प्रश्न जवळजवळ प्रत्येक कुटुंबाकडून ऐकलेला आहे, आणि तो अगदी रास्त आहे.

खरी अडचण अशी की आपण औषधाला आजाराच्या नावाने ओळखतो: ही मधुमेहाची, ही रक्तदाबाची, ही सांधेदुखीची. औषधाला मात्र आजाराचे नाव ठाऊक नसते. ते शरीरातल्या एखाद्या विकराला (एन्झाइमला), एखाद्या पेशीवरच्या ग्राहकाला (रिसेप्टरला) किंवा क्षार वाहून नेणाऱ्या एखाद्या प्रथिनाला जाऊन चिकटते आणि त्याचे काम अडवते. तोच दुवा दोन-तीन वेगवेगळ्या आजारांत बिघाड वाढवीत असेल, तर तेच औषध त्या सगळ्या आजारांत उपयोगी पडते. त्यामुळे आईंच्या चिठ्ठीकडे पाहताना ‘ही गोळी कोणत्या आजाराची’ असे विचारण्याऐवजी ‘ही गोळी कुठे जाऊन काय अडवते’ असे विचारले, तर बराचसा उलगडा होतो.

हृदय दुबळे झाले तर त्याला जोर द्यावा, हा विचार कोणालाही सुचेल असा आहे, आणि एके काळी तो वैद्यकशास्त्रालाही सुचला होता. हृदयाच्या स्नायूंचे आकुंचन वाढवणारी औषधे त्यासाठी तयार झाली. मिलरिनोन हे त्यांतले एक. ते दिले की रक्ताभिसरण सुधारलेले मोजमापांत स्पष्ट दिसत असे, रुग्णालाही तात्पुरते बरे वाटत असे. पण तोंडावाटे घ्यायच्या मिलरिनोनची गंभीर हृदयरुग्णांवर रीतसर चाचणी झाली तेव्हा, १९९१ मध्ये, असे दिसले की औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण तुलनेसाठी औषध नसलेली नुसती साखरेची वडी घेणाऱ्यांपेक्षा २८ टक्क्यांनी अधिक होते. दमलेल्या बैलाला आसूड मारल्यावर तो चार पावले झपाट्याने टाकतो आणि मग बसतो, तसाच हा प्रकार होता. असे औषध आजही रुग्णालयात, शिरेवाटे, अगदी आणीबाणीत काही तासांसाठी किंवा दिवसांसाठी देतात. घरी रोज घेण्यासाठी नाही. म्हणून आईंना ‘बळ देणारे’ औषध दिलेले नाही.

मग बिघाड नेमका कुठे असतो? झटक्यामुळे हृदयाच्या स्नायूचा काही भाग मरतो आणि प्रत्येक ठोक्यासरशी बाहेर पडणारे रक्त कमी होते. मूत्रपिंडाकडे रक्त कमी पोचले की मूत्रपिंडाची समजूत होते की शरीरातले पाणी घटले आहे, बहुधा रक्तस्राव झाला आहे. ते रेनिन नावाचे विकर सोडते. त्यापासून पुढे अँजिओटेन्सिन-२ तयार होते, ते रक्तवाहिन्या आवळते. त्याच्या सांगण्यावरून मूत्रपिंडावरची अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथी आल्डोस्टेरॉन हे संप्रेरक सोडते आणि मीठ-पाणी शरीरात अडकून राहते. दुसरीकडे अॅड्रेनालिनच्या जातीची संप्रेरके नाडी वाढवतात. खरोखरच रक्तस्राव झालेल्या माणसाचा जीव यातूनच वाचतो, आणि काही तासांसाठी ही व्यवस्था उत्तम आहे. पण ती महिनोन्महिने चालू राहिली की आवळलेल्या रक्तवाहिन्यांविरुद्ध दुबळ्या हृदयाला अधिक जोर लावावा लागतो, साठलेले पाणी पायांत आणि फुप्फुसांत उतरते, आणि याच संप्रेरकांमुळे हृदयाच्या स्नायूत तंतुमय ऊती वाढून हृदय ताणले जाऊन मोठे होत जाते. म्हणजे पहिला घाव झटक्याचा. पण पुढची घसरण बरीचशी शरीराच्या स्वतःच्या बचावातून होते. आईंच्या गोळ्या या बचावाला आवर घालण्यासाठी आहेत.

हे कळल्यावर औषध कसे घडवले गेले, ती हकिगत मला नेहमीच विलक्षण वाटते, म्हणून थोडी विस्ताराने सांगतो. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप आढळतो. त्याच्या विषात ब्रॅडिकिनिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या द्रव्याचा प्रभाव वाढवणारा घटक असल्याचे सर्जिओ फेरेरा या संशोधकाने १९६५ मध्ये दाखवले, आणि पुढे तो अर्क घेऊन तो लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेला. तिथे असे लक्षात आले की हाच अर्क अँजिओटेन्सिन-२ तयार करणाऱ्या विकरालाही, म्हणजे एसीईला, रोखतो. विषातून मिळालेले प्रथिनाचे तुकडे टोचून दिले तर रक्तदाब उतरत असे. पण तोंडावाटे घेतल्यास त्यांचा उपयोग होत नसे, आणि जन्मभर रोज टोचून घ्यायचे औषध व्यवहारात चालणार नव्हते.

स्क्विब कंपनीतल्या डेव्हिड कुशमन आणि मिगेल ओंडेटी यांनी मग विषाचा नाद सोडून विकराकडे पाहिले. एसीई नेमके कसे दिसते हे तेव्हा कोणी पाहिलेले नव्हते. परंतु त्याच्या मध्यभागी जस्ताचा अणू असतो हे माहीत होते, आणि तसाच जस्ताचा अणू असलेल्या स्वादुपिंडातल्या एका पाचक विकराची रचना मात्र पूर्ण ठाऊक होती. त्या विकरावरून त्यांनी एसीईच्या खाचेचा अंदाज बांधला, तिच्यात बसेल असा छोटा रेणू कागदावर आखला आणि प्रयोगशाळेत तयार केला. पहिला रेणू बसला, पण त्याची पकड ढिली होती. मग जस्ताला घट्ट धरणारा गंधकयुक्त गट त्याच्या टोकाला जोडताच पकड जवळजवळ हजारपटीने वाढली. हे कॅप्टोप्रिल. १९७७ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि १९८१ मध्ये अमेरिकेत रक्तदाबासाठी मान्य झाले. हजारो पदार्थ एकामागून एक चाळत बसण्याऐवजी दुवा ओळखून त्याच्या मापाचे औषध घडवता येते, याचे हे आरंभीचे आणि अजूनही सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे.

१९८७ मध्ये त्याच वर्गातले एनालाप्रिल हृदय अतिशय दुबळे झालेल्या २५३ रुग्णांवर तपासले गेले. सहा महिन्यांत नुसत्या वडीच्या गटात ४४ टक्के रुग्ण दगावले, एनालाप्रिलच्या गटात २६ टक्के. आईंच्या ‘रक्तदाबाच्या’ दोन गोळ्यांपैकी एक या घराण्यातली असणार, असा माझा तर्क आहे. रक्तदाब उतरवणे हा तिचा इथला हेतू नव्हे. अँजिओटेन्सिनची साखळी तोडणे हा आहे. म्हणून चक्कर येत नसेल, उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत नसेल, लघवी नीट होत असेल, तर वरचा रक्तदाब शंभर असणे हे गोळी बंद करण्याचे कारण ठरत नाही. मे महिन्याच्या उकाड्यात घाम फार गेला किंवा जुलाब-उलट्या झाल्या, तर गोष्ट वेगळी. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा.

या गोळ्यांनी काहींना कोरडा, ठसक्यासारखा खोकला येतो. त्याचे कारणही सापाच्या विषाच्या त्याच गोष्टीत आहे: एसीई हे विकर ब्रॅडिकिनिनचाही नाश करते, ते रोखले की ब्रॅडिकिनिन साठते आणि श्वासनलिकेला चाळवते. अशा वेळी खोकल्याच्या बाटल्यांवर बाटल्या संपवण्यात अर्थ नसतो. अँजिओटेन्सिनलाच पुढच्या टप्प्यावर अडवणारी, नावाच्या शेवटी ‘सार्टान’ असलेली गोळी दिली की खोकला थांबतो.

अलीकडे बऱ्याच रुग्णांना सॅक्युबिट्रिल आणि वॉल्सार्टान यांची एकत्रित गोळी देतात. ताणले गेलेले हृदय स्वतःच मीठ-पाणी बाहेर टाकायला लावणारी संप्रेरके सोडत असते, आणि नेप्रिलिसिन नावाचे विकर ती मोडून टाकते. सॅक्युबिट्रिल त्या विकराला रोखते. याआधी नेप्रिलिसिन आणि एसीई दोन्ही एकाच रेणूने रोखण्याचा प्रयत्न झाला होता. कल्पना तर्काला धरून होती, पण ब्रॅडिकिनिन मोडणारी दोन्ही विकरे एकदम बंद पडल्याने जीभ, ओठ आणि घसा सुजण्याचे प्रमाण एनालाप्रिलच्या सुमारे तिप्पट निघाले, आणि ते औषध बाजारात आलेच नाही. म्हणून पुढच्या औषधात एसीई रोखणारा भाग वगळून सार्टान घेतला गेला. २०१४ मध्ये त्या जोडगोळीने एनालाप्रिलच्या तुलनेत हृदयविकाराने मृत्यू किंवा रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण २० टक्क्यांनी घटवले. याचा घरात उपयोग असा: जुनी ‘प्रिल’वाली गोळी आणि ही नवी गोळी यांत किमान ३६ तासांचे अंतर लागते आणि दोन्ही एकत्र कधीही घ्यायच्या नसतात. मी रुग्णाची औषधांची पिशवी टेबलावर ओतून एकेक पट्टी वाचतो ती याचसाठी. कारण नवी चिठ्ठी झाली तरी जुन्या, अर्ध्या वापरलेल्या पट्ट्या त्याच पिशवीत असतात, आणि कंपनीचे नाव वेगळे असल्याने घरच्यांना त्या वेगळ्या वाटतात. आपण आज संध्याकाळी तेवढे एक काम अवश्य करावे.

आता नाडी मंद करणाऱ्या गोळीविषयी. ही बीटा-ब्लॉकर वर्गातली, म्हणजे अॅड्रेनालिनचा हृदयावरचा परिणाम अडवणारी. बीटा-ब्लॉकर हृदयाचा जोर कमी करतात, म्हणून दुबळ्या हृदयाला ते देऊ नयेत, असे पाठ्यपुस्तकांत कित्येक वर्षे छापलेले होते, आणि पंपाच्या हिशेबाने ते खरेही होते. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी १९७५ मध्ये सात रुग्णांत त्याचा उपयोग झाल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. पुढे अॅड्रेनालिनचा सततचा मारा हृदयाच्या पेशींना इजा करतो हे कळत गेले आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, एक बिसोप्रोलॉलची आणि दुसरी मेटोप्रोलॉलची, मृत्यूचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे दिसले. जे औषध वर्ज्य होते ते आवश्यक ठरले.

आईंना सुरुवातीला आलेल्या थकव्याचे कारणही यातच आहे. अॅड्रेनालिनच्या आधारावर कसाबसा चाललेला गाडा तो आधार निघाल्यावर प्रथम मंदावतो. संरक्षणाचा फायदा दिसायला दोन-तीन महिने लागतात. म्हणूनच पायांची सूज ओसरल्यावर, बिसोप्रोलॉल असेल तर १.२५ मिलिग्रॅम इतक्या लहान मात्रेने सुरुवात करून साधारण दर दोन आठवड्यांनी ती वाढवत नेतात. थकवा सोसवत नसेल तर मात्रा कमी करता येते, पण गोळी एकदम थांबवली की अॅड्रेनालिन दुप्पट जोराने हृदयावर येते आणि ठोके बिघडू शकतात.

दुसरी ‘रक्तदाबाची’ गोळी बहुधा आल्डोस्टेरॉन रोखणारी, म्हणजे स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन असावी. १९९९ च्याच एका चाचणीत स्पायरोनोलॅक्टोनने मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी कमी केले. तिच्याबाबत एकच गोष्ट ठासून सांगायची आहे: ती पोटॅशियम शरीरात राखते. आजारी माणसाला रोज शहाळे पाजायची आपल्याकडची पद्धत प्रेमाची आहे, पण शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते, आणि ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठात तर पोटॅशियम क्लोराइडच घातलेले असते. मूत्रपिंड थोडे जरी मंद असेल, तर या गोळीबरोबर ही दोन्ही टाळावीत आणि पोटॅशियमची रक्ततपासणी चुकवू नये.

मधुमेहाच्या गोळीची कथा याहून वेगळ्या वळणाने गेली. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचे द्रव्य १८३५ मध्ये वेगळे केले गेले, आणि ते दिल्यास लघवीतून साखर जाते हे त्याच शतकात कळले. का जाते, हे कळायला मात्र विसावे शतक संपत आले. मूत्रपिंडातून दिवसाला सुमारे १८० ग्रॅम साखर गाळली जाते आणि ती जवळजवळ सगळी परत शोषली जाते. त्यांतले नव्वद टक्के काम एसजीएलटी-२ नावाचे प्रथिन करते, आणि ते साखरेच्या जोडीने सोडियमही परत ओढून घेते. काही कुटुंबांत हे प्रथिन जन्मतःच सदोष असते. अशा माणसांच्या लघवीत आयुष्यभर साखर जाते आणि तरी ती धडधाकट असतात. म्हणजे हा दुवा अडवला तर मोठे नुकसान होऊ नये, याचा पुरावा निसर्गानेच दिलेला होता. फ्लोरिझिन आतड्यात मोडून जात असे आणि आतड्यातले भावंड प्रथिनही अडवून जुलाब करीत असे. रसायनशास्त्रज्ञांनी त्यातला साखरेचा जोड बदलून तो न तुटणारा केला, नेम फक्त मूत्रपिंडातल्या प्रथिनावर धरला, आणि त्यातून डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधे आली.

ती मधुमेहासाठीच आली. परंतु मधुमेहाच्या नव्या औषधाने हृदयाला अपाय होत नाही हे दाखवून देण्याची अट २००८ पासून अमेरिकेत घातली गेली होती. त्या अटीखातर केलेल्या एम्पाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत २०१५ मध्ये असे दिसले की अपाय तर नाहीच, उलट हृदय दुबळे होऊन भरती व्हावे लागण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी घटले. साखर तर फारशी उतरली नव्हती, आणि फरक काही महिन्यांतच दिसू लागला होता. म्हणजे साखर उतरल्यामुळे हा फायदा झाला असे म्हणता येत नव्हते. तेव्हा सरळ हृदयरुग्णांवरच डॅपाग्लिफ्लोझिन तपासले गेले. २०१९ च्या त्या चाचणीत ४,७४४ रुग्ण होते, निम्म्याहून अधिकांना मधुमेह नव्हता, आणि मधुमेह असो वा नसो, आजार बळावण्याचे किंवा हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण एकत्रित २६ टक्क्यांनी कमी झाले. यातला किती वाटा मीठ-पाणी बाहेर जाण्याचा, किती मूत्रपिंडाला मिळणाऱ्या विसाव्याचा आणि किती हृदयाच्या इंधनात होणाऱ्या बदलाचा, यावर संशोधकांत अजून एकमत नाही. यंत्रणेवरून औषध घडले, पण त्याचा सर्वांत मोठा उपयोग कागदावर कोणालाच दिसला नव्हता. तो चाचणीत दिसला. मी स्वतः यंत्रणेच्या तर्काला मान देतो, परंतु रुग्णाला औषध देताना अखेरचा शब्द चाचणीचा मानतो, आणि मिलरिनोनची गोष्ट वर सांगितली ती त्यासाठीच.

मधुमेह नसलेल्याची साखर या गोळीने धोक्याइतकी उतरत नाही, कारण रक्तातली साखर कमी होऊ लागली की गाळली जाणारी साखरही कमी होते आणि यकृत आपला पुरवठा चालू ठेवते. लघवीच्या तपासणीत मात्र साखर ‘४ प्लस’ येईल. तो औषधाचा परिणाम आहे, मधुमेह नव्हे. पावसाळ्यातल्या दमट हवेत जांघेत बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून ती जागा धुऊन कोरडी ठेवावी. कडक उपवास, उलट्या किंवा ठरलेली शस्त्रक्रिया यांच्या वेळी ही गोळी तात्पुरती थांबवावी लागते, तेव्हा आईंचे श्रावणातले उपास डॉक्टरांना आधी सांगावेत. भारतात डॅपाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० मध्ये संपले आणि किंमत बरीच उतरली, ही रोज गोळी विकत घेणाऱ्यांसाठी लहान गोष्ट नाही.

हे सगळे ‘पंपिंग’ ४० टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या रुग्णांना लागू आहे. पंपिंग चांगले असूनही हृदय ताठर झाल्यामुळे धाप लागते, असाही आजार असतो. सूज तीच, धाप तीच, पण बिघाडाची जात वेगळी. म्हणून शेजारच्या कोणाला पाहून आईंच्या गोळ्यांची तुलना करू नये.

लघवीची गोळी साठलेले पाणी काढते आणि आराम देते. तिचे काम किती पडेल हे पुष्कळदा स्वयंपाकघरात ठरते. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या, दिवसांत भरून ठेवलेले खारवलेले बांगडे, सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, पेजेबरोबरची मिठातली तोरे (कोवळ्या कैऱ्या), पापड, लोणचे: मीठ धरून ठेवण्याचा हुकूम सुटलेल्या शरीरात यांतले एकेक जिन्नस दोन दिवसांची सूज आणते. ताजी मासळी खुशाल खावी, आमटीतले मीठ निम्मे करावे. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, नाश्त्याआधी आईंचे वजन करून वहीत लिहावे. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर धाप लागण्याची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.

पुढच्या वर्षी ईकोत पंपिंग सुधारलेले दिसेल, अशी मला मनापासून आशा आहे. तेव्हा गोळ्या बंद करण्याचा मोह होईल. वेगळ्या कारणाने हृदय दुबळे होऊन औषधांनी पूर्ववत झालेल्या, काहीही त्रास नसलेल्या रुग्णांमध्ये हा प्रयोग इंग्लंडमध्ये करून पाहिला गेला. गोळ्या बंद केलेल्यांपैकी ४४ टक्क्यांचा आजार सहा महिन्यांत परतला. आईंच्या हृदयावर तर झटक्याचा व्रणही आहे. पुढच्या भेटीला जाताना वजनाची वही, औषधांची पूर्ण पिशवी आणि ताजे क्रिएटिनिन-पोटॅशियमचे अहवाल न्यावेत, आणि ‘कोणती बंद करू’ याऐवजी ‘कोणत्या गोळीची मात्रा अजून पूर्ण झालेली नाही’ असे विचारावे.